चू. भू. द्या. घ्या. : ऑनलाइन बाजारातला चुकलेला भाव

जुन्या पद्धतीच्या बिलाच्या तळाशी, बेरजेच्या रेघेखाली, अजूनही चार अक्षरे छापलेली सापडतात : चू. भू. द्या. घ्या. इंदूरकडच्या बिलांवर तीच गोष्ट ‘भूल-चूक लेनी-देनी’ म्हणून येते. माळव्याचे पठार संपून आग्रा–मुंबई रस्ता जिथे घाट उतरू लागतो, त्या मानपुरात या अक्षरांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बेरजेत हातचा राहून गेला, शंभराच्या जागी दहा लिहिले गेले, तर ज्याच्याकडे जास्तीचे गेले त्याने ते परत करायचे. कोर्ट नाही, कचेरी नाही. हा रिवाज दुहेरी आहे, म्हणून त्यात ‘द्या’ही आहे आणि ‘घ्या’ही. आता त्याच गावात ऑनलाइन मागवलेल्या मालाची गाडी येते, दारात ओटीपी विचारला जातो आणि बिल मोबाइलवर उतरते. त्या बिलामागे चार अक्षरांऐवजी कुणीही न वाचलेल्या अटींची गुंडाळी असते, आणि तिच्यात बहुधा एक कलम सापडतेच : भाव चुकीचा पडला असल्यास मागणी रद्द करण्याचा अधिकार विक्रेत्याकडे राहील. ‘घ्या’ची तजवीज पक्की झाली, ‘द्या’चे काय ते मोघम राहिले. संकेतस्थळावर भाव चुकून फार कमी पडला आणि गिऱ्हाइकाने त्या भावाने मागणी नोंदवली, तर माल त्याच भावाने द्यावा की नाही, हा वाद इंटरनेटवरच्या दुकानदारीइतकाच जुना आहे. त्याची उत्तरे देशोदेशी वेगळी निघाली. आपल्याकडच्या बाजाराची रीत पाहता आपले उत्तरही थोडे वेगळेच असायला हवे, असे मला वाटते.

आधी आपल्याकडचे दाखले. जुलै 2021मध्ये ॲमेझॉनच्या भारतीय संकेतस्थळावर तोशिबाचा 1.8 टनांचा स्प्लिट एसी 5,900 रुपयांना लागला होता. छापील किंमत 96,700 आणि सूट तब्बल 90,800 रुपयांची, असे पानावर रीतसर लिहिले होते. थोड्या वेळाने तोच एसी एकोणसाठ हजारांच्या घरात दिसू लागला. म्हणजे शून्य कुठे गळाले ते उघड झाले. चूक उलट्या दिशेनेही होते. 2022मध्ये प्लास्टिकची एक बादली 25,999 रुपयांना, तीही 28 टक्के सूट देऊन, याच संकेतस्थळावर मांडलेली होती आणि लोक चार दिवस हसत होते. पण हसण्यावारी न गेलेले प्रकरण ओडिशातले आहे. डिसेंबर 2014मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याला याच संकेतस्थळावर 23,499 रुपयांचा लॅपटॉप 190 रुपयांना दिसला. पानावर 23,309 रुपये सूट अशी वजाबाकीही करून दाखवलेली होती. त्याने मागणी नोंदवली, नोंदीची पोच आली, आणि दोन तासांनी ग्राहक सेवेतून कळवण्यात आले की किमतीच्या अडचणीमुळे मागणी रद्द. त्याला अभ्यासाच्या कामासाठी यंत्र हवेच होते. शेवटी त्याने 22,899 रुपये मोजून दुसरा लॅपटॉप घेतला आणि ग्राहक मंचाची पायरी चढला. कंपनीचे म्हणणे असे, की आम्ही फक्त जागा देणारे, माल विकणारा निराळा. जिल्हा मंचाने विद्यार्थ्याच्या बाजूने, पण हात आखडून निकाल दिला. राज्य आयोगाने जानेवारी 2021मध्ये तो वाढवला : 30,000 रुपये भरपाई, 10,000 रुपये दंडात्मक आणि 5,000 रुपये खर्च. जाहिरात झाली, तिच्यावरून मागणी झाली, मागणीला पोच मिळाली, एवढ्यावर करार पुरा झाला, असा आयोगाचा रोख होता. आयोगाने एकशे नव्वद रुपयांत लॅपटॉप देववला नाही, पैशांत भरपाई दिली. त्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

भाव चुकतो कसा, हे नीट पाहिल्याशिवाय दोष कोणाचा ते ठरत नाही. सगळ्यात साधी चूक शून्याची. तिच्या खालोखाल एककाची : डझनाचा भाव नगाला लागतो किंवा खोक्याचा पाकिटाला. ही काही संगणकाने आणलेली नवी बला नव्हे. 1939मध्ये लंडनच्या न्यायालयात गाजलेला खटला अर्जेंटिनाच्या सशांच्या तीस हजार कातड्यांचा होता. बोलणी सगळी नगावर झाली होती, बाजाराची रीतही नगाचीच होती, आणि लेखी देकार गेला पौंड वजनावर. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत, त्यामुळे भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला. खरेदीदाराने तो झटकन पकडला. न्यायालयाने त्याला सांगितले, की समोरच्याची जीभ घसरली हे तुला कळत होते, तेव्हा हा करार नव्हे. आजच्या चुकीत माणसाची जीभही नसते. विक्रेते भाव ठरवायचे काम प्रणालीवर सोपवतात, ती प्रणाली प्रतिस्पर्ध्याचा भाव बघून आपला खालीवर करते. 2011च्या एप्रिलमध्ये माशीच्या शरीराच्या जडणघडणीवरचे एक जुने शास्त्रीय पुस्तक ॲमेझॉनवर 2 कोटी 36 लाख डॉलरच्या वर गेले होते. एक विक्रेता रोज दुसऱ्याच्या भावाला 0.9983ने गुणत होता, दुसरा पहिल्याच्या भावाला 1.270589ने, आणि दोघांच्याही दुकानात हे बघणारा जिवंत माणूस नव्हता. डिसेंबर 2014मध्ये ब्रिटनमध्ये उलटे झाले. भाव आपोआप बदलणारी एक सेवा बिघडली आणि तासभर हजारो वस्तू एका पेनीला जाऊ लागल्या. विमान कंपन्यांचे भाव चलनाच्या रूपांतरात घसरतात. आणि कधी कधी कारण अगदीच पोरकट असते : सिंगापूरच्या डिजिलँडमॉल या ऑनलाइन दुकानात जानेवारी 2003मध्ये नव्या लोकांना शिकवण्यासाठी म्हणून भरलेला ‘66’ हा आकडा खऱ्या पानावर चढला आणि 3,854 डॉलरचा लेझर प्रिंटर 66 डॉलरला विकाऊ झाला.

त्या प्रिंटरचा खटला या विषयातला पाठ्यपुस्तकी खटला ठरला. एका रात्रीत 784 लोकांनी 4,086 प्रिंटर मागवले. कोर्टात गेलेल्या सहा मित्रांनी मिळून 1,606 मागवले होते. घरात एक प्रिंटर पुष्कळ होतो, तिथे सोळाशे कशाला, हा प्रश्न न्यायाधीशांना पडणे साहजिक होते. रात्री एकमेकांना पाठवलेले संदेश पुराव्यात आले. त्यांत खरा भाव काय असावा याची चौकशी होती, आणि दुकानाला कळण्याआधी हात धुऊन घ्यायची घाईही. 2004मध्ये उच्च न्यायालयाने आणि 2005मध्ये अपील न्यायालयाने करार रद्दबातल ठरवला. चूक एकाच बाजूची असली तरी दुसऱ्याला ती ठाऊक असेल, तर ‘तुम्ही भाव लावला, मी घेतला’ हे म्हणणे टिकत नाही, असा त्याचा मथितार्थ. जर्मनीने वेगळ्या वाटेने तोच मुक्काम गाठला. 2005मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर 2,650 युरोंचा लॅपटॉप प्रणालीच्या गोंधळात 245 युरोंना गेल्याचे प्रकरण आले. विक्रेत्याला चूक सांगून करार मोडायची मुभा मिळाली, तीही लॅपटॉप गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यानंतर. उलट 2002च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये कोडॅकने 329 पौंडांचा कॅमेरा-संच चुकून 100 पौंडांना लावला आणि आधी नाही-नाही म्हणत शेवटी सगळ्यांना दिला. कारण एवढेच की मागणीनंतर आपोआप गेलेल्या ईमेलमध्ये ‘मागणी मान्य’ अशा अर्थाची भाषा होती. त्यातून धडा घेतला तो वकिलांनी. तेव्हापासून अशा ईमेलची भाषा बदलली : तुमची मागणी ‘पोचली’ आहे, ‘मान्य’ माल निघाल्यावर होईल.

आपला कायदा 1872चा. करार अधिनियमाचे कलम 20 सांगते, दोन्ही पक्षांची वस्तुस्थितीबद्दल एकच चूक असेल तर करार शून्य. आणि कलम 22 सांगते, एकाच पक्षाची चूक असेल तर निव्वळ तेवढ्या कारणाने करार मोडता येत नाही. म्हणजे शब्दशः वाचले तर इंग्लंड-सिंगापूरपेक्षा आपला कायदा विक्रेत्याला कडकच आहे. त्यावर पळवाट निघते ती करार झालाच नव्हता म्हणण्याची. दुकानाच्या फडताळावर मांडलेली वस्तू हा देकार नसून बोलावणे आहे, देकार गिऱ्हाईक गल्ल्यापाशी करते, असे ब्रिटिश न्यायालयाने 1953मध्ये एका औषध दुकानाच्या खटल्यात ठरवले. संकेतस्थळांनी ते जसेच्या तसे उचलले. भिंतीवरचे घड्याळ पाहून आपण दुकानदाराला भाव विचारतो, तो सांगतो, मग घासाघीस. तिथे हे तर्कशास्त्र शोभते. पण ज्या दुकानात भाव आधीच लिहिलेला, घासाघिशीला जागा नाही, ‘फक्त 2 नग शिल्लक’ म्हणून घाई केलेली आणि बटण दाबताच पूर्ण रक्कम खात्यातून गेलेली, तिथे ‘आम्ही अजून विचार करतोय’ हे म्हणणे मराठी कानाला विचित्रच वाटेल. आपल्याकडे सौद्याला इसार देतात. जमिनीच्या, घराच्या, बैलाच्या व्यवहारात थोडी रक्कम हातावर पडली की शब्द बांधला गेला. घेणारा फिरला तर इसार बुडाला आणि देणारा फिरला तर इसार दुपटीने परत, अशी अट कितीतरी इसारपावत्यांत सापडेल. रकमेचा दहावा हिस्सा घेतल्यावर जो माणूस बांधला जातो, तो सगळी रक्कम घेतल्यावर मोकळा कसा राहतो? घेताना पैसे पुरते घ्यायचे आणि करार मात्र गाडी निघाल्यावर झाला म्हणायचे, ही सोय नव्या बाजाराने स्वतःसाठी करून घेतली आहे.

तरीही सगळा भार कलम 22वर टाकून ‘भाव म्हणजे भाव’ म्हणणे मला पटत नाही. सिंगापूरच्या न्यायालयाची कसोटी मुळात सरळ माणसाची कसोटी आहे : तुला कळत होते का? किराणा दुकानात पाचशेच्या एका नोटेऐवजी चुकून दोन हाती लागल्या तर आपण परत करतो. मग शून्य गळालेले दिसत असताना सोळाशे प्रिंटर उचलणाऱ्याला हुशार का म्हणावे? अडचण अशी, की ही कसोटी चालण्यासाठी गिऱ्हाइकाला ‘खरा’ भाव साधारण काय असतो हे कळायला हवे, आणि आपल्या ऑनलाइन बाजाराने नेमकी तीच खूण पुसून टाकली आहे. छापील किंमत अशी फुगवायची की ऐंशी टक्के सूट रोजची वाटावी. पाच हजारांचे घड्याळ चारशेला, तीन हजारांचा कुर्ता साडेतीनशेला, ही कुठल्याही दिवसाची पाने आहेत. शाओमीने 2016च्या दिवाळीत एक रुपयाला फोन विकायचा खेळ मांडला होता. तो जाहीर होता, खरा होता, मोजक्यांना फोन मिळालेही. ऑक्टोबर 2014मध्ये फ्लिपकार्टच्या ‘बिग बिलियन डे’त भाव हलताना, माल संपताना आणि मागण्या रद्द होताना लोकांनी पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांना गिऱ्हाइकांची जाहीर माफी मागावी लागली. म्हणजे एक रुपयाचा फोन खरा आणि जाहीर केलेला भाव कधी कधी खोटा, असे शिक्षण या बाजाराने गिऱ्हाइकाला स्वतःच दिले आहे. ओडिशाच्या विद्यार्थ्याचे प्रकरण फ्लिपकार्टच्या त्या प्रकारानंतर दोनच महिन्यांचे आहे. त्या वातावरणात 190 रुपये ही चूक आहे की जाहिरातीची चाल, हे त्याने कशावरून ओळखायचे होते? संशय आला असेलही, पण संशय म्हणजे माहिती नव्हे. ‘इतका कमी भाव कुणी लावेल का’ हा बचाव रास्त भाव लावणाऱ्याला शोभतो. रोज अशक्य वाटणारे आकडे दाखवून गर्दी खेचणाऱ्याने एके दिवशी ‘हा आकडा अशक्य आहे हे तुम्हाला कळायला हवे होते’ म्हणणे म्हणजे लांडगा आला म्हणून रोज ओरडणाऱ्याची तक्रार झाली.

म्हणून माझे म्हणणे असे, की आपल्याकडे चूक सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असावा, आणि ती सिद्ध झाली तरी तेवढ्याने त्याची सुटका होऊ नये. एक नग, स्वतःसाठी, पूर्ण पैसे भरून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला एक तर माल द्यावा किंवा तो न मिळाल्याने जे खरोखर सोसावे लागले ते भरून द्यावे. ढिगाने उचलणाऱ्याला फक्त त्याचे पैसे परत. ओडिशाच्या आयोगाने, वेगळ्या भाषेत का होईना, हेच केले. याला जवळचा एक दाखला अमेरिकेतल्या मराठी घरांना आठवत असेल. ऑक्टोबर 2009मध्ये ब्रिटिश एअरवेजचे अमेरिकेहून भारताचे भाडे 40 डॉलर असे पडले, लोकांनी तिकिटे काढली आणि कंपनीने ती रद्द केली. पुढे काही वर्षांत तिकीट विकल्यावर भाडे वाढवायला तिथल्या वाहतूक खात्याने बंदी केली, मग लोक मुद्दाम चुका शोधून तिकिटे काढू लागले, आणि मे 2015मध्ये खात्याने मधला रस्ता काढला. चूक होती हे कंपनीने दाखवले तर तिकीट रद्द करता येईल, पण त्या तिकिटाच्या भरवशावर प्रवाशाने परत न मिळणारा जो रास्त खर्च केला असेल, हॉटेल म्हणा, पुढचे तिकीट म्हणा, तो कंपनीने द्यायचा. भाव मिळाला नाही, पण भरवशाची किंमत मिळाली. जानेवारी 2019मध्ये कॅथे पॅसिफिकने तर सोळा हजार डॉलरची वरच्या वर्गाची तिकिटे सातशेच्या आत विकली गेल्यावर ती सगळी मानली. मोठ्या कंपनीला असे नुकसान जाहिरातीच्या खर्चात जिरवता येते, हा त्यातला न बोललेला भाग.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे, आणि तो ‘द्या-घ्या’च्याच भाषेत येतो. गिऱ्हाइकाची चूक बाजार रोज पोटात घालतोच की. माप चुकले, रंग आवडला नाही, नवऱ्याने आणि बायकोने एकच वस्तू दोनदा मागवली. सात-दहा दिवसांत परत. मग विक्रेत्याला एखादी चूक का माफ नाही? हे खरे आहे, आणि म्हणूनच मी विक्रेत्याला कायमचे बांधा म्हणत नाही. पण परत करण्याच्या सोयीच्या अटी बघा. ती आधी जाहीर असते, तिला दिवस ठरलेले असतात, वस्तू धडधाकट परत जावी लागते, आणि काही वस्तूंना ती मिळतच नाही. विक्रेत्याची रद्द करण्याची सोय मात्र बिनमुदत आणि बिनकारणी असते. 2020च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांनी यातला एक कोपरा सरळ केला आहे. कंपनीला एकतर्फी मागणी रद्द करताना स्वतः शुल्क सोसायचे नसेल, तर गिऱ्हाइकाने रद्द केल्यावर तिलाही शुल्क लावता येणार नाही. तत्त्व चांगले आहे, परिणाम तोकडा. दोन्हीकडे शून्य ठेवले की नियम पाळला जातो आणि गिऱ्हाईक होते तिथेच राहते. त्यापेक्षा विक्रेत्याला काही तासांची ठरलेली मुदत द्यावी, त्यात कारण लिहून कळवण्याची सक्ती करावी, आणि मुदत उलटल्यावर भाव पक्का धरावा.

दुसरा आक्षेप छोट्या विक्रेत्याचा, आणि तिथे माझे मन खरोखर हलते. ब्रिटनमधल्या त्या एका पेनीच्या तासात बुडाले ते मोठे दुकान नव्हते. घरातून खेळणी, गाद्या, कपडे विकणारी कुटुंबे होती. बहुतेक मागण्या ॲमेझॉनने थांबवल्या, पण ज्यांचा माल तिच्याच गोदामात होता त्यांच्या काही पेट्या निघूनही गेल्या. इंदूरच्या क्लॉथ मार्केटातला एखादा व्यापारी अशाच ऑनलाइन मंचावर साड्या विकत असेल आणि त्याच्या मुलाने तक्त्यातला रकाना एक घर सरकवला, तर ‘भाव म्हणजे भाव’ म्हणणारा नियम त्याचे दुकान एका रात्रीत बसवेल. पण या उदाहरणात नीट बघायला हवे ते हे, की चूक थांबवण्याची ताकद कोणाच्या हातात होती. कालपर्यंत पाच हजाराला असलेली वस्तू आज पन्नासला गेली तर पान रोखून ‘नक्की का?’ एवढे विचारणारी प्रणाली मंचाला परवडते, साडीवाल्याला नाही. 2019च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या परकीय गुंतवणुकीच्या अटींनुसार अशा मंचांना मालाचे भाव ठरवता येत नाहीत. भाव ठरवू नका म्हणजे घसरलेला आकडा रोखू नका, असा त्याचा अर्थ काढायचे कारण नाही. जागेचे भाडे घेणाऱ्याने जागेवरच्या खड्ड्याची जबाबदारी घ्यावी. भरपाईचा भार आधी मंचावर, मग त्याने विक्रेत्याशी आपला हिशेब करावा, हा क्रम मला न्यायाचा वाटतो.

तिसरा आक्षेप बहुतेक वेळा ग्राहक सेवेच्या फोनवर ऐकू येतो : पैसे तर परत केले, मग नुकसान कसले? हा आक्षेप मात्र फारसा वेळ देण्याजोगा नाही. मुंबईत दादरच्या एका रहिवाशाने 10 जुलै 2022 रोजी फ्लिपकार्टवरून 39,628 रुपये भरून आयफोन मागवला. सहा दिवसांनी मागणी रद्द झाल्याचा निरोप आला. माल पोचवण्याचे प्रयत्न झाले, गिऱ्हाईक भेटले नाही, असे कंपनीचे म्हणणे. मध्य मुंबईच्या जिल्हा ग्राहक आयोगाने ते मानले नाही. जास्त नफ्यासाठी मुद्दाम मागणी रद्द केली, असा निष्कर्ष काढून 10,000 रुपये भरपाई आणि 3,000 रुपये खर्च देवविला. 2024च्या मार्चमध्ये हा निकाल बातम्यांत आला. तिथे भाव चुकलेला नव्हताच, आणि म्हणूनच ते प्रकरण इथे महत्त्वाचे. ‘भाव चुकला’ म्हणून रद्द करण्याची मुभा मोकळी सोडली, तर भाव वाढला म्हणून रद्द केलेली मागणीही त्याच दारातून बाहेर पडेल, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतील. शिवाय दरम्यान सूट संपलेली असते, पैसे आठवडाभर अडकलेले असतात आणि तीच वस्तू महाग झालेली असते.

सिंगापूरकडे पुन्हा एकदा वळावे लागते, कारण प्रिंटरचा निकाल देणाऱ्या त्याच देशाने 2020मध्ये यंत्रांच्या चुकीवर निराळाच निकाल दिला. 2017च्या एप्रिलमध्ये एका आभासी चलनाच्या बाजारात प्रणालीतल्या बिघाडामुळे व्यवहार चालू दराच्या सुमारे अडीचशे पट भावाने झाले. बाजार चालवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या दिवशी ते आपल्या अधिकारात उलटवले. न्यायालयाने बहुमताने सांगितले, व्यवहार यंत्रांनी केले आहेत, तेव्हा चूक ठाऊक होती का हे यंत्र रचणाऱ्याच्या मनात रचताना काय होते त्यावरून ठरेल, आणि कंपनीने एकतर्फी व्यवहार उलटवणे हा करारभंग आहे. भाव यंत्राने लावला असे सांगून मोकळे होता येत नाही, हे त्यातले सूत्र. यंत्र नफा मिळवून देते तेव्हा मालकाचे आणि घसरते तेव्हा कुणाचेच नाही, हे चालायचे नाही. अशी कडक जबाबदारी टाकली तर सवलती बंद होतील, भाव वाढतील, असेही म्हटले जाते. छापील किमती थोड्या खऱ्या होतील आणि सवलती थोड्या कमी ओरडतील, एवढा परिणाम झाला तर तो तोटा कुणाचा आहे ते मला समजत नाही. सौदाभाव म्हणून जो भाव द्यायचाच नाही त्याची जाहिरात करणे ही 2019च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात अनुचित व्यापारी प्रथाच आहे. प्रामाणिक चूक तिच्यात बसणार नाही, बसूही नये. पण प्रामाणिक आहे हे चूक करणाऱ्याने दाखवावे.

पुण्यात 1974मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा गिऱ्हाइकाला ‘राजा’ म्हणून चढवण्यापेक्षा त्याला हिशेब विचारायला शिकवण्यावर तिचा भर होता. चुकलेल्या भावाच्या बाबतीतही तेच लागू पडते, दोन्ही अंगांनी. बादली पंचवीस हजारांची दिसली तर हसावे, पण साडेपाच हजारांचा मिक्सर पंचावन्नला दिसला तर एक घ्यावा, दहा नव्हे. दहा घेणाऱ्याची बाजू कुठल्याही आयोगापुढे लंगडीच राहणार, आणि राहावी. एक घेणाऱ्याने मात्र भावासकट पानाचे छायाचित्र, मागणीची पोच, पैसे गेल्याचा संदेश आणि रद्द झाल्याचा निरोप, तारीख-वेळेसह जपून ठेवावा. पुढची वाट फार लांबची नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ओडिशाचा निकाल इंदूरच्या आयोगाला बांधत नाही, पण पुढे ठेवता येतो. 2019च्या कायद्याने तक्रार गिऱ्हाइकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत असो की गुरुग्रामात, मानपूरच्या माणसाला इंदूरच्या पुढे जावे लागत नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.